र्‍योमरचा चौक आणि आपली मंडई

पुण्याहून पाहुणा आला की त्याला फ्रांकफुर्टचा र्‍योमरबेर्ग दाखवावाच लागतो. दगडी फरसबंदीचा चौक, पूर्वेला लाकडी चौकटींची उंच घरं, पश्चिमेला पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांचं र्‍योमर, म्हणजे इथला टाउन हॉल. मधल्या कारंज्यावर तराजू धरलेली न्यायदेवता. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. समोर नगरपालिका असल्यावर पट्टी परवडत नसावी! पाहुणा फोटो काढतो आणि ठरलेलं बोलतो, "बघा, यांनी कसं जपलंय. नाहीतर आपण!"

ती पूर्वेची घरं १९८०च्या दशकातली आहेत, हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. मार्च १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत इथलं जुनं गाव जळून गेलं. शेजारी कॅथेड्रलच्या बाजूला १९७४ साली पालिकेच्या कचेऱ्यांसाठी काँक्रीटची भलीमोठी इमारत उठली. पुढे तीच पाडून तिथे ३५ घरं बांधली, त्यातली १५ जुन्या घरांच्या हुबेहूब प्रती. खर्च सुमारे २० कोटी युरो. २०१८ साली ती खुली होईपर्यंत इथेही वाद पेटला होता: हा इतिहास की नाटकाचा सेट? कोंबडीबाजार नावाच्या तिथल्या चौकात आज कॅफेच्या खुर्च्या आहेत. भाजी घ्यायला लोक थोडं उत्तरेला, १९५४च्या साध्याशा मार्केट हॉलमध्ये जातात. मीही हिरव्या मिरच्या तिथेच घेतो.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १४०५ साली शहराने एका व्यापारी कुटुंबाकडून र्‍योमर विकत घेतलं आणि शहराचा कारभार आजही तिथूनच चालतो. महापौर तिथे बसतात, लग्नं तिथे नोंदली जातात. एकेकाळी जत्रेच्या दिवसांत तळमजल्यावर व्यापारी माल मांडत. खाली बाजार, वर कारभार.

हे पुण्यातही होतं. १८८६च्या मंडईच्या वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी होती. त्या बांधकामावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. पुढे मंडईला नाव त्यांचंच मिळालं. कचेरी गेली, आता पोटाखाली मेट्रोचं स्टेशन आलं. पण अष्टकोनी मनोऱ्याखाली भाजी अजून विकली जाते, गणपतीत शारदा गजानन बसतो. र्‍योमरबेर्गला कितीही युरो ओतून हे परत आणता येणार नाही.

इतक्या लांबून मंडईचं कौतुक करणं सोपं आहे, हे कळतं मला. वास, चिखल, पार्किंगची मारामारी माझ्या वाट्याला येत नाही. माझी आईसुद्धा हल्ली भाजी अ‍ॅपवरून मागवते. दुरुस्ती हवीच. पण मंडईचा नवा आराखडा निघाला की आपले लोक मनोऱ्याचं रंगीत चित्र बघून भांडतात. मी आधी गाळ्यांची यादी मागेन. काम चालू असताना कोण कुठे बसणार, परत आल्यावर भाडं किती, आणि बाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींचं नाव त्या यादीत आहे की नाही?