कोडगा

"मार खाऊन खाऊन कोडगा झालाय तो." प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षं शिकवताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं. दोन-चारदा स्वतःही बोलले आहे.

हल्ली एखाद्या कोवळ्या वयाच्या आरोपीची बातमी आली की खाली लोक लगेच 'सायकोपाथ', म्हणजे दयामाया नसलेला, असं लिहितात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हा जन्मताच तसला असणार, असं म्हणून मोकळे होतात. तेव्हा मला आपला हा जुना शब्द आठवतो. कोडगा कुणी जन्मत नाही. कोडगा 'होतो', असंच आपण म्हणतो.

पण हेही पूर्ण खरं नाही, आणि ते लपवायचं कशाला? दुसरा रडला तरी आत काही न हलणं, चूक कळूनही अपराधी न वाटणं, शिक्षेचा काही परिणाम न होणं, या स्वभावाचा काही भाग मूल जन्मतःच घेऊन येतं. मानसशास्त्रज्ञ एसी व्हायडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे गुण फार जास्त असलेली मुलं आणि बाकीची मुलं यांच्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश आनुवंशिक आहे असं त्यात निघालं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खचले होते. मग आम्ही करायचं तरी काय?

उत्तर अमेरिकेतल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात मिळालं. ५६१ कुटुंबं होती. जन्मदात्या आईचं वागणं गंभीर समाजविघातक असेल, तर जिच्याशी फारसा संबंधही उरला नाही अशा त्या आईचा अंश सव्वादोन वर्षांच्या लेकरात दिसत होता. पण ज्या घरात दत्तक घेणारी आई दीड वर्षाच्या त्या बाळाचं भरभरून कौतुक करत होती, तिथे हा धागा जवळजवळ तुटलेला होता. म्हणजे रक्तातून आलेलंही मांडीवर बदलू शकतं. आणि ज्या मुलांचा धोका जास्त, त्यांनाच या मायेचा उपयोग सर्वांत जास्त. आपण नेमकं उलटं करतो. गोड पोराचे लाड, आणि निबर पोराला छडी.

आता रुमानियाची राजधानी बुखारेस्टबद्दल. हे वाचल्यापासून मनातून जात नाही.

रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. पोसता न येणारी मुलं सरकारी अनाथालयांत साचत गेली. १९८९ मध्ये त्याची सत्ता कोसळली तेव्हा अशी लाखावर मुलं होती. एका बाईकडे डझनभर बाळं, त्यात कामाची पाळी संपली की बाईही बदलायची. पुढे तिथे गेलेल्या संशोधकांना तान्ह्या बाळांच्या खोलीत सगळ्यात जास्त जाणवली ती शांतता. रडून कुणी येत नाही हे कळल्यावर बाळं रडायचीच थांबली होती.

या संशोधकांनी १३६ मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांत पाठवली आणि उरलेल्यांची सोय होती तशीच राहू दिली. बाराव्या वर्षी पाहिलं, तर कुटुंबांत गेलेल्या मुलग्यांमध्ये हा कोडगेपणा लक्षणीय कमी होता. मुलींमध्ये तसा फरक आढळला नाही. मला थांबवलं ते पुढच्या निष्कर्षाने. मुलग्यांमधला हा फरक सांभाळणाऱ्याच्या नुसत्या प्रेमळपणामुळे पडला नव्हता. मूल दुःखात असताना कुणीतरी त्याची दखल घेत होतं, त्यामुळे पडला होता.

त्यासाठी जन्मदात्री आईच हवी असं नाही, हे मुद्दाम सांगते. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांवर लिहिलं. त्यांतली १४ मुलं त्यांना मायाच न उरलेली वाटली, आणि त्यांपैकी १२ मुलं लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेली होती. निरीक्षण मोलाचं होतं, पण पुढे त्याचा सगळा बोजा आयांच्या डोक्यावर पडला. आजी, मावशी, काका, कुणीही चालेल. ते माणूस टिकलं पाहिजे. म्हणूनच आपल्या राज्याची बालसंगोपन योजना मला फार महत्त्वाची वाटते. मूल संस्थेत न जाता नात्यातल्या घरात वाढावं म्हणून दरमहा २,२५० रुपये मिळतात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना हे कळवा.

माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगा होता. तीन घरं फिरून चुलत्याकडे आलेला. दुसऱ्यांना चिमटे काढायचा, आणि ती रडायला लागली की टक लावून बघत राहायचा. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभं केलं, मारलंही. ढिम्म. एकदा मैदानात तो जोरात पडला, गुडघा फुटला. इतर मुलं पडली की आधी कोण बघतंय ते पाहतात, मग भोकाड पसरतात. याने कुणाकडे पाहिलंच नाही. मूठभर माती घेतली, जखमेवर चोळली आणि पुन्हा पळायला लागला.

मी त्याला नळावर नेलं. पाय धुताना तो लाकडासारखा ताठ होता. काही बोलला नाही, मीही बोलले नाही. त्यानंतर मात्र माझा हात त्याच्यावर उठला नाही. पडला की धुवायचं, खरचटलं की बघायचं, एवढंच ठरवलं.

दोनेक महिने गेले असतील. मधल्या सुट्टीत वह्या तपासत होते, तर टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. वर पाहिलं. त्याने कोपर पुढे केलं होतं. रक्तही आलं नव्हतं.