परदेशी निघालाय? आवाज घरी विसरू नका

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही. त्यामुळे आमचा 22 जणांचा जथा रात्रीच्या बसनं मुंबईला आणि तिथून जपानला गेला. आठ दिवसांनी परत आलो, माझे कान अजून यायचे आहेत. तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मंडळी यंदा परदेशी निघाली आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल.

फराळ भरपूर न्या. दुबईला लेकीकडं निघाला असाल तर अनारसे न्याच. तिथं खसखशीला बंदी आहे, त्यामुळं कस्टमच्या टेबलावर काय खसखस पिकते ते डोळ्यांनी बघायला मिळेल.

जपानमध्ये भाताच्या वाटीत जेवायच्या काड्या उभ्या रोवा. फोटो झकास येतो. तिकडं मयताच्या पुढ्यातल्या भातात अशा काड्या रोवतात, खरं आपल्याला काय त्याचं? मग ‘तुझं कसलं आहे बघू’ म्हणत घास काड्यांवरून काड्यांवर द्या. आपण रक्षा सावडतो तशा ते लोक दहनानंतर काड्यांनी अस्थी वेचतात आणि अशाच एकमेकांकडं देतात. वाढणारी पोरगी आमच्या टेबलाकडं बघून पांढरी पडली, ती आमच्या लसणीच्या चटणीच्या वासानं असं आमच्या जथ्यातल्या एका काकांचं मत पडलं.

टिप ठेवा. ती परत द्यायला बिचारा वेटर रस्त्यापर्यंत पळत येतो, तेवढाच व्यायाम.

संडासातल्या सपाता वेगळ्या असतात. त्याच घालून जेवायला या.

आता मुख्य धडा, आगगाडीतला फोन. टोकियोहून क्योटोला बुलेट ट्रेननं सव्वादोन तास लागतात. डब्यात 80-90 माणसं, आणि पान उलटल्याचा आवाज यावा इतकी शांतता. अशी शांतता वाया घालवू नये. तिकडं 11 वाजले की आपल्याकडं साडेसात, नातू शाळेच्या गडबडीत, म्हणजे हीच वेळ. व्हिडिओ कॉल लावा, स्पीकर चालू करा. ‘बाळा, खाल्लास काय रे? ही बघ बुलेट ट्रेन! आवाज येतोय काय?’ येत होता. अख्ख्या डब्याला येत होता. मग सून आली, मग विहीणबाई, मग दारात आलेला दूधवाला. त्याचं या महिन्याचं बिल मला तोंडपाठ आहे. शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थानं पुस्तक मिटलं आणि तो मान खाली घालून बसून राहिला. बोलायचं असेल तर दोन डब्यांच्या मधल्या जागेत जा, असं गाडीत इंग्रजीतूनही सांगतात. मी हळूच म्हटलं, ‘काका, जरा बाहेर उभं राहून बोलूया काय?’ काका म्हणाले, ‘पैसे भरून आलोय आम्ही, फुकट नव्हे!’ आणि हे विहीणबाईंनाही ऐकू गेलं. मिरजेच्या पॅसेंजरमध्ये एखाद्या आजीनं ‘ओ मामा, हळू की जरा’ म्हणून केव्हाच गप्प केलं असतं. जपानी माणूस बोलत नाही. तो बोलत नाही म्हणजे त्याला चालतंय, असं आपण धरून चालतो. दोन तास! फ्यूजी डोंगर कधी आला नि गेला, कळलं नाही मला.

कचऱ्याचं सोपं आहे. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर तिथल्या बऱ्याच कचरापेट्या काढून टाकल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. घर लांब असल्यामुळं तुम्ही तो बाकाखाली सारा.

क्योटोच्या गिओन भागात किमोनोतली मायको, म्हणजे गेशा व्हायला शिकणारी पोरगी, दिसली की मोबाईल उंच धरून मागं पळा. खाजगी गल्लीत शिरलं तर 10,000 येन दंड, अशी पाटी आहे. पाटीसकट फोटो घ्या. आमच्यातल्या तिघांनी घेतला. ती पोरगी तोंड फिरवून भिंतीला चिकटून चालत होती, आणि हे ‘इकडं बघ की गं!’ म्हणून हाका मारत होते. शहापुरात हळदीकुंकवाला निघालेल्या आपल्या बायकांच्या मागं कोण परका असा पळाला असता, तर गल्लीनं त्याला धड परत जाऊ दिलं असतं काय?

लाज वाटली मला. दुसऱ्याच्या रीतीनं वागायचं आपल्याला ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी. आपण सीमाभागातली माणसं. घरात मराठी बोलतो, बाजारात कानडीत ‘एष्ट री?’ म्हणून भाव करतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो की कुणी न सांगता पायातलं काढतो, रांगेत उभं राहतो. बसमध्ये जागा हवी असली की तुमच्याच तोंडातून ‘स्वल्प अडजस्ट माड्री’ किती गोड निघतं! मग त्या म्हाताऱ्याला एकदा ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, म्हणायला काय धाड भरली होती? पाच अक्षरं आहेत, काका. मुंबईची बस रात्रभर चालते. शिकून जायचं.