आठवड्यातून एकदा तरी पोराचं तोंड बघा

दर मंगळवारी सकाळी साडेदहाला माझ्या मुलाला लॅपटॉपचा कॅमेरा सुरू करावा लागतो. त्याची शाळा ऑनलाइन आहे. एरवी वर्ग चालू असताना बहुतेक मुलांचे कॅमेरे बंद असतात, पडद्यावर नुसत्या नावांच्या चौकटी दिसतात. मंगळवारी मात्र शिक्षिका एकेकाला बोलावतात. झोप नीट झाली का, नाश्त्याला काय होतं, या आठवड्यात काही त्रास झाला का, असं विचारतात. मुलगा चार वाक्यं बोलतो, त्या त्याच्याकडे नीट बघतात, हसतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. सगळं मिळून पाच मिनिटं.

इथे याला वेलनेस चेक म्हणतात. अमेरिकेत आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ऑनलाइन चार्टर शाळांवर आता कायद्यानेच ही जबाबदारी टाकली आहे. प्रत्येक विद्यार्थी आठवड्यातून किमान एकदा शाळेच्या माणसाला डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि त्याच क्षणी त्याच्याशी बोलणंही झालं पाहिजे. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ किंवा ईमेल चालत नाही.

चार्टर शाळा म्हणजे काय ते आधी सांगते. सरकारी पैशावर चालणारी, पण सरकारी शाळामंडळाच्या रोजच्या कारभारातून मोकळी असलेली शाळा. आपल्याकडच्या खासगी अनुदानित शाळेच्या जवळ जाणारं हे प्रकरण आहे, फक्त इथे पालकांकडून फी घेता येत नाही. अमेरिकेत असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटाने केला. पेनसिल्व्हेनियात तो १९९७ मध्ये आला आणि २००२ मध्ये पूर्ण ऑनलाइन चार्टर शाळांसाठी त्यात वेगळी तरतूद झाली. मूल ज्या गावात राहतं तिथल्या शाळामंडळाने त्या मुलामागे ठरलेली रक्कम ऑनलाइन शाळेला द्यायची, अशी रीत आहे. त्यामुळे गेली वीस वर्षं इथली भांडणं पैशावर झाली. रक्कम जास्त की कमी, ऑनलाइन शाळांकडे शिल्लक किती साठली, गावातल्या शाळांचं किती नुकसान झालं. मूल दिसतं का, हा प्रश्न त्या भांडणात फारसा कोणी विचारला नव्हता.

तो विचारावा लागला तो मे २०२४ मध्ये. आम्ही राहतो त्याच चेस्टर काउंटीत बारा वर्षांची एक मुलगी घरातल्या छळाने आणि उपासमारीने मेली. वडील आणि त्यांची जोडीदार यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. ती ऑनलाइन चार्टर शाळेची विद्यार्थिनी होती. पटावर तिचं नाव होतं. त्या आठवड्यात मी बातम्या वाचू शकत नव्हते. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि दहा-बारा मैलांवर आमच्या स्वयंपाकघरात बसून तशाच एका शाळेचा वर्ग ऐकत होता.

मला बोचलं ते आणखी एका गोष्टीमुळे. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मुलाला दमा उसळून चार दिवस ताप होता. रोज सकाळी त्याच्या नावाने लॉगिन मीच केलं, म्हणजे हजेरी बुडायला नको. तो अंथरुणात झोपून होता. चारही दिवसांची हजेरी पूर्ण लागली. एकाही माणसाचा फोन आला नाही. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं. मे महिन्यात मला कळलं की मी जे प्रेमापोटी केलं, तेच कोणी पोराला कोंडून ठेवूनही करू शकतं आणि शाळेच्या नोंदीत दोन्ही घरं अगदी सारखी दिसतील.

या तरतुदीला विरोध करणारे पालक माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. ऑनलाइन शाळेत मुलं येतात ती बऱ्याचदा काहीतरी सोसून आलेली असतात. कोणाला आधीच्या शाळेत पोरांनी छळलेलं असतं, कोणाला आजार असतो. स्वमग्न मुलांना कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा बघणं सहन होत नाही. अशा घराला दर आठवड्याला ‘तुमचं मूल दाखवा’ म्हणायचं म्हणजे आईबापांवर संशय घेणं, असं त्यांना वाटतं. ज्यांनी मुलासाठी नोकरी सोडून घरी बसणं पत्करलं, त्यांना हे लागणारच.

आपल्या भारतीय घरांत याला आणखी एक पदर आहे. गेल्या गणपतीत आरतीनंतर जेवताना हा विषय निघाला आणि एक काका एकदम म्हणाले, “आज कॅमेरा, उद्या पोरं उचलून नेतील.” टेबलावर कोणी काही बोललं नाही, कारण ती भीती प्रत्येकाच्या पोटात आहे. २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका गुजराती जोडप्याचं काही महिन्यांचं बाळ तिथल्या यंत्रणेने ताब्यात घेतलं, ते प्रकरण आम्हा सगळ्यांना पाठ आहे. परक्या देशात आपली भाषा, हाताने भरवणं, मूल आईजवळ झोपणं याचा अर्थ दुसरा कोणी लावेल, ही धास्ती खोटी नाही. मुलाच्या मांडीला खेळताना काळंनिळं झालं की मीसुद्धा आधी विचार करते, मंगळवार किती दिवसांवर आहे.

आणि तरीही मी या कायद्याच्या बाजूने आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या राज्यात बालछळाच्या तक्रारी झपाट्याने खाली आल्या. घरं अचानक सुखी झाली नव्हती. तक्रार करणारे शिक्षक मुलांना बघत नव्हते, एवढंच झालं होतं. इथे शिक्षकाला छळाचा रास्त संशय आला तर कळवणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. मुख्याध्यापकाला सांगून तो मोकळा होत नाही, त्याने स्वतः कळवायचं असतं. पण ज्याला मूल दिसतच नाही त्याला संशय तरी कशावरून यावा? गावातल्या साध्या शाळेतलं मूल वर्षाला सुमारे १८० दिवस बसचालक, डबा वाढणाऱ्या बाई, नर्स, शिक्षक यांच्या नजरेखालून जातं. तिथे कोणी त्याला आईबापांवरचा संशय म्हणत नाही. ऑनलाइन मुलासाठी आठवड्यातली पाच मिनिटं मागितली तर ती फार नाहीत.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगत होते तेव्हा तिचा मुलगा लातूरला नीटची तयारी करत होता. मी सहज विचारलं, “त्याला रोज कोण बघतं गं?” ताई म्हणाली, “म्हणजे? नाव कॉलेजात आहे, शिकायला क्लासला जातो, राहायला हॉस्टेलवर.” “ते कळलं, पण बघतं कोण?” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मेसवाल्या काकू.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. इथल्या ऑनलाइन शाळेत आणि आपल्याकडच्या कॉलेज आणि क्लास जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत मला फरक कमी आणि साम्य जास्त दिसू लागलं. कॉलेज म्हणतं तो क्लासला आहे, क्लास म्हणतो हजेरी कॉलेजची, हॉस्टेलचा मालक म्हणतो भाडं वेळेवर येतं. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश शासनाने २०१८ मध्ये काढला होता. पण यंत्रावर बोट टेकवलेल्या पोराने दोन दिवस काही खाल्लं आहे का, हे त्या यंत्राला कसं कळणार? २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. या आकड्याशी लातूर, पुणे, संभाजीनगरच्या हॉस्टेलांतल्या खोल्यांचा काही संबंध नाही, असं कोणी म्हणू नये.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात देशभरच्या शिक्षणसंस्थांना, कोचिंग क्लास आणि हॉस्टेलांसकट, मानसिक आरोग्याविषयी बंधनकारक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली एक. आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस वाद झाला. आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक, आम्ही नाही का शिकलो, असं मोठे मामा म्हणाले. ताईचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते पटलं. ती म्हणाली, समुपदेशक खोलीत बसणार आणि ज्याला जायचं तो जाणार. जे पोरगं खोलीतून बाहेरच पडत नाही त्याच्याकडे कोण जाणार?

आमचे आप्पा औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का याची मोजणी, तीन दिवस. पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली, म्हणजे तेच पोर दुसऱ्या शाळेत उभं करता येऊ नये. लाखो नावं नुसती कागदावर निघाली. त्या नावांवर तुकड्या, पदं, अनुदान, खिचडीचे तांदूळ सगळं चाललं होतं. आप्पांच्या शाळेचा पट तंतोतंत जुळला याचा त्यांना अभिमान होता, पण ते एक वाक्य बोलले ते मला आता आठवतं: “शाई लावली, पण एकालाही बस म्हणून विचारलं नाही कसा आहेस.”

ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी व्हायची तेव्हा आप्पा सायकलवर तांड्यावर जायचे. कोण आजीजवळ राहिलं, कोणाला सोबत नेलं, हे वहीत लिहून आणायचे. आप्पा छडीही मारायचे, हेही खरं आहे. तो काळ मी परत मागत नाही. पण पोरगं दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी दारात कोणीतरी उभं राहायचं, हे मात्र होतं. हेच काम पेनसिल्व्हेनियाने आता कायद्यात लिहिलं.

मुलं रोज डोळ्यांसमोर असणं पुरेसं नसतं, हे बदलापूरने शिकवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या दोन चिमुरड्या रोज शाळेत जात होत्या, शाळेच्या आवारातच त्यांच्यावर अत्याचार झाला. ओळखलं ते घरच्यांनी, आणि त्यांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात कळवण्याची सक्ती २०१२ पासून आहे. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा शासन निर्णय २०२२ चा आहे. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. म्हणून नुसतं ‘बघा’ असं लिहून भागत नाही. ज्याने पाहिलं त्याने कुठे जायचं आणि तिथे त्याचं ऐकलं नाही तर कोणाचं काय होणार, हेही लिहावं लागतं.

इथल्या कायद्याची माझ्या नजरेला दिसणारी उणीवही तीच आहे. कॅमेऱ्यात मूल दिसलं तरी पडद्यामागे कोण उभं आहे ते दिसत नाही. बाही लांब असली की दंड दिसत नाही. माझ्या मते ऑनलाइन मुलाला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी समोरासमोर भेटलं पाहिजे, ग्रंथालयात, बागेत, कुठेही, आणि तेवढा वेळ आईबापांनी बाजूला थांबलं पाहिजे. सलग दोन आठवडे मूल दिसलं नाही तर ठरलेल्या माणसाने ठरलेल्या दिवसात दारावर टकटक केली पाहिजे. त्या माणसाला आमच्यासारख्या घरांचं खाणंपिणं, झोपणं, बोलणं यांची थोडी ओळख करून द्यावी, म्हणजे गणपतीच्या पंगतीतल्या त्या काकांची भीती कमी होईल. हे मी आमच्या भागाच्या प्रतिनिधीला पत्राने कळवलं आहे. इलिनॉयने २०२५ मध्ये तिसरी ते बारावीच्या मुलांची वर्षातून एकदा मानसिक आरोग्य चाचणी घेण्याचा कायदा केला, तोही चांगला आहे, पण वर्षातून एकदा भरलेली प्रश्नावली म्हणजे कोणाची तरी नजर असणं नव्हे.

मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. सुरुवातीला मंगळवारी तो कुरकुरायचा. मागच्या महिन्यात शिक्षिका रजेवर होत्या आणि बदली शिक्षकाने यादी वाचून लगेच पुढे ढकललं. संध्याकाळी तो मला म्हणाला, “आई, आज त्यांनी नाश्त्याचं विचारलंच नाही.”

ताईला मी मेसवाल्या काकूंचा नंबर घ्यायला सांगितलं. तिने फोन करून त्यांना एवढंच म्हटलं की डबा सलग दोनदा भरलेला परत आला तर मला सांगा. काकू म्हणाल्या, “सांगते की. पण तुमच्या एकट्याचंच का? माझ्याकडं साठ पोरं जेवतात, सगळ्यांच्या आयांचे नंबर पाठवा.”