जिनिव्हाला निघालेली जोडी

विनोदावर चिडून कुणी तोडफोड केली की महाराष्ट्रातल्या माझ्या मित्रांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येतं: ‘तुमच्या अमेरिकेत कसं, कशावरही हसता येतं.’ मार्च २०२५मध्ये एका राजकीय नेत्यावरच्या विडंबनगीतामुळे मुंबईत खारला कार्यक्रमाची जागाच फोडली गेली, तेव्हाही ते आलं. नात्यातली काही मंडळी नेमकं उलटं ऐकवतात: ‘तिकडे तर जुने सिनेमेच गायब करतात, आणि आम्हाला शिकवता?’ या दोघांनाही उत्तर देताना मला ९० वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतही फारसा कुणाला न आठवणारा एक सिनेमा पुढे करावासा वाटतो.

‘डिप्लोमेनियाक्स’, १९३३. आरकेओ कंपनीचा त्याच वर्षीचा ‘किंग काँग’ जगाला ठाऊक आहे; हा नाही. तासाभराचा नाचगाण्यांचा धुमाकूळ. बर्ट व्हीलर कुरळ्या केसांचा, भाबडा, गोड गळ्याचा. रॉबर्ट वूल्सी जाड काड्यांचा गोल चष्मा घातलेला, तोंडात सिगार आणि जिभेला विश्रांती नाही. १९२९ ते १९३७ या काळात या जोडीने वीसेक सिनेमे केले. वूल्सी १९३८मध्ये गेला आणि जोडीचं नावही हळूहळू पुसलं गेलं.

या सिनेमात दोघांनी अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या वस्तीत केस कापायचं दुकान थाटलेलं असतं. तिथल्या पुरुषांना दाढीच येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. जमातीचा प्रमुख मात्र ऑक्सफर्डी थाटाचं इंग्रजी बोलतो, आणि हाच माणूस या दोघांना जिनिव्हाच्या शांतता परिषदेला आपले प्रतिनिधी म्हणून पाठवतो. त्यांच्या वाटेत आडवा येतो दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीचा हस्तक, कारण शांतता झाली तर त्याचा धंदा बुडणार. परिषदेत शांततेवरूनच मारामारी जुंपते. दोघं मायदेशी परततात तोवर युद्ध पेटलेलं असतं.

यात निव्वळ खुळेपणा बघणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. जिनिव्हात खरीखुरी निःशस्त्रीकरण परिषद फेब्रुवारी १९३२पासून चालू होती. हा सिनेमा १९३३च्या वसंतात आला आणि ऑक्टोबरात हिटलरची जर्मनी त्या परिषदेतून उठून गेली. शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी युद्धावर किती पैसा कमावला याची चौकशी अमेरिकी सिनेटने सुरू केली ती १९३४मध्ये. म्हणजे गंभीर लोकांच्या आधी विदूषक तिथे पोचले होते. मार्क्स बंधू या विनोदी नटांचा ‘डक सूप’ही त्यांच्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आला, लुई कॅलहर्न आणि एडगर केनेडी हे दोन नट दोन्हीकडे आहेत. ‘डक सूप’ला अभिजात म्हणतात आणि ‘डिप्लोमेनियाक्स’ कपाटात पडून राहतो. हा मला अन्याय वाटतो. त्याच्या लेखकांपैकी जोसेफ मँकिविझ याला पुढे चार ऑस्कर मिळाले, तरीही.

पण कपाटात पडून राहण्याचं एक कारण सिनेमातच आहे. खलनायकाचा चिनी साथीदार ह्यू हर्बर्ट या गोऱ्या नटाने रंगवला आहे, चिनी माणसाच्या सगळ्या ठरीव नकलांसकट. आणि शेवटाकडे परिषदेत बॉम्ब फुटतो, सगळ्यांचे चेहरे काजळतात आणि ते तशाच काळ्या तोंडांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करत गाऊ लागतात. तोवर माझ्याबरोबर खळखळून हसणारी, इथेच जन्मलेली माझी मुलगी या प्रसंगाला गप्प झाली. मीही झालो.

हा सिनेमा आला तेव्हा चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद करणारा १८८२चा कायदा लागू होता. तो १९४३मध्ये गेला. आपल्यासाठीही दार उघडं नव्हतंच. पंजाबातून इथे आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ मानायला, म्हणजेच नागरिकत्व द्यायला नकार दिला होता. तो मार्ग १९४६मध्ये मोकळा झाला. पडद्यावरच्या त्या चिनी साथीदाराकडे मी दुरून बघूच शकत नाही. त्या वर्षीच्या अमेरिकेत मी त्याच्याच रांगेत उभा असतो.

मग कात्री का लावू नये? लावून झाली आहे, म्हणून. हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेली नियमावली जुलै १९३४पासून काटेकोर झाली. तिने काय कापलं? व्हीलर-वूल्सींचा चावट, द्वयर्थी विनोद कापला. त्यांचे नंतरचे सिनेमे मिळमिळीत झाले त्याला ही नियमावली बरीचशी कारणीभूत आहे. धर्मगुरूंची टवाळी तिला चालत नव्हती. गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला तर तिची स्पष्ट मनाई होती. आणि तोंडाला काळं फासून नाचणं? ते १९४०च्या दशकातही बिनदिक्कत चालू होतं. ज्यांची खिल्ली उडत होती त्यांना त्या कात्रीने कणभरही वाचवलं नाही.

आपल्याकडची गोष्ट याहून वेगळी आहे असं मला वाटत नाही. मुंबईच्या कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’वर १९२१मध्ये ब्रिटिश अमलात बंदी आली ती विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून. आज महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. तरी काळ्या रंगावर, जाडेपणावर, तोतरेपणावर, तृतीयपंथीयांवर, गावाकडच्या बोलीवर हशा वसूल करणारी नाटकं वर्षानुवर्षं सुखेनैव चालत आली आहेत. अडतं ते सत्तेतल्या माणसाला बोचणारं. ज्यांच्या पाठीशी जमाव नाही त्यांच्या भावना दुखावल्याची बातमीही होत नाही.

म्हणून मी सगळ्या आक्षेपांना एका मापाने मोजत नाही. २००९मध्ये ‘बिल्लू बार्बर’ या नावाला केशकर्तन करणाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली, निर्मात्याने पोस्टरवरून दुसरा शब्द काढला आणि सिनेमा लागला. पिढ्यानपिढ्या हिणवले गेलेले लोक ‘हे नको’ म्हणतात ते आधी ऐकून घ्यायला हवं. नेत्याच्या नावाने खुर्च्या मोडणाऱ्यांना तोच मान द्यायची माझी तयारी नाही.

अमेरिका धुतल्या तांदळासारखी आहे असंही मी म्हणणार नाही. इथे शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढली जात आहेत. पण जून २०२०मध्ये इथे जे झालं ते घरच्या मंडळींना अर्धंच कळलं. ‘गॉन विथ द विंड’ हा जुना सिनेमा एका स्ट्रीमिंग सेवेने काढून घेतला, एवढंच तिकडे पोचलं. तो काही दिवसांत परत आला, एक फ्रेमही न कापता, आणि त्याच्या आधी जॅकलीन स्टुअर्ट या कृष्णवर्णीय चित्रपट-अभ्यासक सिनेमात काय झाकलंय ते सांगू लागल्या. सूचनेची पाटी कुणीही लावेल. इथे बोलणारी व्यक्ती त्या समाजातली होती, ज्याच्या गुलामगिरीवर त्या सिनेमाने गुलाबी पडदा टाकला होता.

‘डिप्लोमेनियाक्स’ मला असाच बघायला मिळावा असं वाटतं: पूर्ण, काजळलेल्या चेहऱ्यांसकट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने मराठी विनोदी सिनेमे आहेत. ते दाखवताना सुरुवातीची १० मिनिटं नटाच्या नातवाला किंवा निर्मात्याच्या मित्राला देण्याऐवजी, त्यात जिच्यावर हशा मागितला आहे अशा एखाद्या व्यक्तीला द्या: तृतीयपंथी कार्यकर्तीला, अपंग प्राध्यापकाला, जिची बोली ‘गावंढळ’ म्हणून वापरली त्या भागातल्या लेखिकेला. त्यांनी सिनेमा फाडून काढला तर काढू दे, आणि मग दिवे मालवून तो सगळा दाखवा.