‘दुखत नाही ना? मग चरबीचीच गाठ!’

फॅमिली ग्रुपवर सध्या हा मेसेज फिरतोय: ‘गाठ दुखत नसेल तर ती चरबीचीच. सोनोग्राफीत साधी आली की विषय संपला. एमआरआय म्हणजे पैसे काढायचे धंदे. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा सरळ कापून टाका.’

बहुतेक गाठी चरबीच्याच निघतात, एवढं खरं. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर, मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरांत जेमतेम १ टक्का.

पण तो बऱ्याचदा दुखतच नाही! मांडीत खोलवर वाढत राहतो आणि पॅन्ट एकाच पायाला घट्ट व्हायला लागली की लक्षात येतो. म्हणून दुखतंय का यापेक्षा वाढतेय का, ५ सेंमीच्या पुढे गेली का, स्नायूच्या आवरणाखाली आहे का, हे विचारा. हळू वाढते म्हणून साधी, हेही धरून चालू नका; सायनोव्हियल सार्कोमा हा त्यातलाच एक प्रकार गुडघ्याजवळ वर्षानुवर्षं लहानसा राहू शकतो.

कातडीखालच्या छोट्या गाठीला सोनोग्राफी पुरते, मान्य. खोल, मोठ्या गाठीला नाही. एमआरआयवर चरबीची गाठ आधी पांढरी दिसते. मग चरबीचा सिग्नल दाबला की कातडीखालच्या चरबीसोबत तीही काळी पडते. जी पूर्ण काळी पडत नाही, जिच्यात जाड पडदे दिसतात, तिथे आम्ही रेडिओलॉजिस्ट खुर्ची पुढे ओढतो. मिक्सॉइड, म्हणजे आतून जेलीसारखा असलेला सार्कोमा तर हुबेहूब पाण्याची गाठ वाटतो. शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर आतून उजळला की कळतं, हे पाणी नव्हे. शिवाय नस (मज्जातंतू) आणि रक्तवाहिनी गाठीपासून किती लांब आहे, हे सर्जनला त्याच चित्रांवरून कळतं.

राहिली सुई. निदान पक्कं होतं ते बायोप्सीनेच, एमआरआयने नाही. कोअर बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढताना, सुईची वाट सर्जनशी बोलूनच ठरवतात. गरज पडली तर ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीबरोबर काढता येते. पेशी पसरण्याची भीतीच असेल, तर ती ‘सरळ कापून टाका’ला बाळगा. लायपोमा, म्हणजे साधी चरबीची गाठ, समजून फोडून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट सार्कोमा आला, की पेशंट एमआरआयला येतो तो टाके पडल्यावर. तेव्हा स्क्रीनवर सगळीकडे सूज आणि साकळलेलं रक्त असतं, आणि त्यात उरलेली गाठ शोधायची असते.