दोन सप्रेसर का सांगितले: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: .२२ ची रायफल, ९ मिलिमीटरचं पिस्तूल आणि रानडुकरांसाठी घेतलेली .३०८ (.२२, .३०८ हे आकडे साधारण गोळीच्या जाडीचे, इंचात) अशा तिन्ही बंदुकांना चालेल असा एकच सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करायला नळीच्या टोकाला लावायचं नळकांडं, मागितला, तर आम्ही दोन गळ्यात मारायला बघितले. मित्राचा कॅन (सप्रेसरलाच आम्ही कॅन म्हणतो) पिस्तुलावर लावलात, तर मी पिस्तूलच हातातून काढून घेतलं. नेमबाजीच्या रेंजवर आमच्या डेमोच्या .३०८ ला कॅन लावूनही ती मोठ्याने वाजली. आणि सप्रेसरवरचा टॅक्स शून्य झाला असूनही माल त्याच दिवशी दिला नाही. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून मीही मराठीतच लिहितो. टेक्सासमध्ये आपली बरीच मंडळी आता रेंजवर दिसतात, त्यांच्याही कामी येईल.

पिस्तुलाचं आधी सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न होता. तुमच्या मित्राचा कॅन .२२३ चा. त्यातून जाणारी गोळी सुमारे ५.७ मिलिमीटर जाडीची, तुमच्या पिस्तुलाची ९ मिलिमीटर. पण अमेरिकेत या दोन्ही बॅरलना बहुतेक वेळा एकच आटे असतात: अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे. म्हणून तो कॅन शेवटच्या आट्यापर्यंत अगदी मऊ फिरत बसला आणि तुम्हाला वाटलं, बरोबर बसला. मॅगझीन भरलेलं होतं आणि तुम्ही लेनकडे निघाला होतात. पहिलीच गोळी पहिल्या बॅफलवर, म्हणजे कॅनच्या आतल्या भोकाच्या चकतीवर, आदळली असती. मागचा गॅस अडकून नळकांडं फुटतं आणि त्याचे तुकडे हाताकडे, तोंडाकडे, शेजारच्या लेनकडे उडू शकतात. समजावत बसायला तेव्हा वेळ नव्हता. आमच्या रेंजवर असं कोणीही करताना दिसलं, तरी मी हेच करणार.

आटे जुळले म्हणजे कॅन जुळला असं नाही. आधी भोक बघायचं, मग तो कॅन कोणत्या काडतुसासाठी आणि किती लांबीच्या बॅरलसाठी बनवणाऱ्याने मान्य केलाय ते बघायचं, आणि आटे सगळ्यांत शेवटी. मोठ्या भोकाचा कॅन लहान गोळीला चालतो. .३० चा कॅन .२२३ वर लोक सर्रास लावतात आणि आवाजात फारसा फरक पडत नाही. उलटं मात्र कधीच करायचं नाही. हे तुमच्या मित्रांनाही जरूर सांगा.

आता दोन का: एक .२२ साठी, एक .३०८ साठी. डेमोचा .२२ चा कॅन मी तुमच्यासमोर काउंटरवर उघडला होता. बॅफलवर करड्या रंगाचा खरबरीत थर होता, नखाने निघत नव्हता, तो तुम्ही बोट फिरवून पाहिलात. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, वरून मेणासारखं वंगण. दर गोळीमागे थोडं शिसं, थोडी न जळलेली दारू आणि ते वंगण आत चिकटत राहतं. म्हणून .२२ चा कॅन घरच्या घरी खोलून साफ करता आलाच पाहिजे. .३०८ चे बरेच कॅन वेल्डिंग करून कायमचे बंद केलेले असतात. त्यांतून .२२ झाडत राहिलं तर आतलं शिसं बाहेर काढायला वाट नाही. कॅन वर्षागणिक जड होतो आणि आतली जागा भरत जाते. (साफ करताना हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. त्यातून शिशाचा विषारी क्षार तयार होतो.)

.२२ साठीचा कॅन .३०८ वर लावायचा विचारही नको. .२२ चा दाब जास्तीत जास्त २४,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) घरात, .३०८ चा ६२,००० च्या. गोळीच्या जाडीचा प्रश्न तर आहेच.

तुम्ही म्हणता ते 'एकात सगळं' कॅन खरंच मिळतात. ९ मिलिमीटर गोळीला पुरेल एवढं भोक, .३०८ चाही दाब सोसणारे. ते आम्हीही ठेवतो. पण तुम्ही स्वतःच सांगितलंत की .२२ मुलीला शिकवण्यासाठी आहे. त्या हलक्या रायफलीच्या टोकाला लांब, जड कॅन लटकवला की नळी खाली झुकते, पोरीचा हात थकतो आणि नेम शिकायच्या ऐवजी ती वजन सांभाळायला शिकते. .२२ चा खास कॅन हलका, आखूड आणि आमच्याकडच्या मालात सगळ्यांत स्वस्त. त्याला आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी काडतुसं द्या, म्हणजे कडाका जवळजवळ जातो. लहान मुलाचं चापावरचं बिचकणं बहुतेक या आवाजाच्या भीतीनेच असतं. तो कॅन मी मनापासून सुचवला आणि आजही तोच सुचवेन. तरी तिच्या कानांवर आवाज अडवणारे मफ्स असू द्या.

पिस्तुलासाठी सध्या कॅन घेऊच नका असं मी म्हटलं होतं, ते तुमच्या रिव्ह्यूमध्ये आलेलं नाही. तुमच्या पिस्तुलाची बॅरल गोळी सुटल्यावर मागून खाली झुकते, तेव्हाच ते पुढचं काडतूस भरतं. टोकाला वजन लटकलं की ते झुकणं अडतं. म्हणून कॅनमध्ये स्प्रिंग आणि पिस्टनचा बूस्टर लागतो. शिवाय कॅनमागे साइट, म्हणजे नेम धरायची खूण, झाकली जाते, मग उंच साइट घ्या. तुम्ही वापरता ती ११५ ग्रेन वजनाची गोळी बहुधा आवाजापेक्षा वेगाने जाते, म्हणून जड आणि हळू जाणारी १४७ ग्रेनची घ्या. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने एवढा खर्च कशाला करायचा? मला माल खपवायचा असता तर तिसराही कॅन सांगितला असता.

.३०८ साठीही तुम्ही इन्कोनेलचा (उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचा) जड कॅन हातात घेतला होता. तो आखूड बॅरलच्या एआर या अर्धस्वयंचलित रायफलवर मॅगझीनमागून मॅगझीन रिकामी करणाऱ्यांसाठी. तुमची बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, शिकारीत दोन-तीन गोळ्या. टायटॅनियमचा हलका कॅन पुरे, डोंगरात खांद्यावर जाणवणारही नाही.

आता आवाज. सिनेमात ऐकू येतो तो 'फुस्स' आवाज कोणत्याही .३०८ मधून येत नाही. नुसती .३०८ साधारण १६५ डेसिबलच्या आसपास वाजते. चांगला कॅन ती १३५ च्या आसपास आणतो. एका फटक्यात कानाला कायमची इजा होऊ शकते ती मर्यादा अमेरिकेत १४० धरतात. म्हणजे कॅनने तुम्हाला त्या रेषेच्या खाली आणलं, पण फार खाली नाही. राहिलेला कडाका गोळीचा. ती सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास जाते आणि आवाज ३४३ मीटर. हवा फाडण्याचा तो आवाज बॅरलच्या पुढे, वाटेत तयार होतो. तो कोणताही कॅन अडवू शकत नाही. त्यात छपराखालची रेंज, शेजारी भिंत. म्हणूनच कॅन लावल्यावरही मी तुम्हाला कानातले प्लग काढू दिले नाहीत. या धंद्यात उमेदीतच कान गमावलेली माणसं रोज भेटतात. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि कानात रात्रंदिवस वाजणारी शिट्टीही थांबत नाही.

कागदपत्रांचं. १९३४ च्या कायद्याने लावलेला २०० डॉलरचा टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, हे खरं. नोंदणी मात्र तशीच आहे. फॉर्म ४ (कॅन नावावर करण्याचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, आणि बंदुकांचं काम बघणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याची मंजुरी. मंजुरी येण्याआधी कॅन तुमच्या हातात दिला तर तो केंद्रीय गुन्हा, माझा आणि तुमचाही. कॅन ट्रस्टच्या नावावर घ्यायचा विषयही मी फी लाटायला काढला नव्हता. कॅन नुसता तुमच्या नावावर असला तर वहिनी तो तुमच्याशिवाय रेंजवर नेऊ शकत नाहीत. ट्रस्टमध्ये दोघांची नावं असली तर नेऊ शकतात. .२२ वर मुलीला त्याच शिकवणार आहेत असं तुम्ही म्हणालात, म्हणून सांगितलं.

आणि एक. नाताळात भावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गाडीने जाताना कॅन बरोबर नेणार असं बोलला होतात. कृपा करून नेऊ नका. न्यू जर्सीत सप्रेसर बाळगणंच गुन्हा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स इथेही तेच. आपल्या लोकांची मोठी वस्ती नेमकी याच राज्यांत आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी तर बंदूक किंवा काडतूस हातात धरण्याआधीच वकिलाला विचारावं. शिकारीच्या परवान्याचा अपवाद कायद्यात आहे, पण तो ऐकीव माहितीवर वापरू नये.

तुमच्या .३०८ च्या बॅरलला अजून आटे पाडलेले नाहीत. ते काम कुठेही करून घ्या, आमच्याकडेच करा असा आग्रह नाही. फक्त पहिली गोळी झाडण्याआधी रायफल आणि कॅन घेऊन या. नळीत अलाइनमेंट रॉड (सरळ सळई) घालून तो कॅनच्या तोंडाच्या मध्यातून बाहेर येतो का ते दोघं मिळून बघू. त्याचे पैसे घेत नाही. शनिवारी गर्दी असते, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी आलात तर निवांत बोलता येईल. कानांचे मफ्स आणा, मुलीचेही.