चौथ्या वर्षी काळांचा तक्ता : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

लहान मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मूल चार वर्षांचे झाले की घरीच इंग्रजी व्याकरण सुरू करावे, कारण सातव्या वर्षानंतर भाषा शिकण्याची क्षमता संपते, शब्दांच्या आठ जाती आणि बारा काळांचा तक्ता पहिलीत जाण्यापूर्वी पाठ करून घ्यावा, प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी, नाहीतर ती कायमची बसते, आणि घरात मराठी बंद करावी, कारण मराठीची वाक्यरचना इंग्रजी बिघडवते. सल्ल्यामागची काळजी खरी आहे आणि ती मला समजते. परंतु त्यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही, आणि शेवटचा तर मुलाचे प्रत्यक्ष नुकसान करतो.

सातव्या वर्षाची मर्यादा आधी पाहू. लहानपणी सुरुवात केल्याचा फायदा होतो, विशेषतः उच्चारात, हे खरे आहे. पण हा फायदा मूल दिवसभर त्या भाषेत वावरत असेल तेव्हा मिळतो. जोशुआ हार्टशोर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांच्या अंदाजानुसार व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून राहते. मात्र जन्मभाषकासारखे प्रभुत्व हवे असेल तर दहाव्या वर्षाच्या आसपास तरी सुरुवात झालेली असावी, असेही त्यांना आढळले. आपल्याकडच्या परिस्थितीशी अधिक जवळचा पुरावा बार्सिलोनाचा आहे, कारण तिथेही मुलांना इंग्रजी भेटते ती मुख्यतः शाळेच्या मोजक्या तासांत. कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा तितकेच तास शिकल्यानंतर उशिरा सुरू केलेली मुले पुढे होती. महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्याआधी ते पाचवीपासून असे, आणि त्या पिढ्यांतल्या असंख्य लोकांनी पुढे इंग्रजीत उत्तम काम केले. चौथ्या वर्षी घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही.

आता पाठांतर. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण यात व्याकरण येणे आणि व्याकरणाची नावे येणे या दोन गोष्टींची गल्लत होते. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी चार ते सात वर्षांच्या इंग्रजी भाषक मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला ‘वग’ असे बनावट नाव दिले आणि असे दोन प्राणी दिसले तर काय म्हणाल, असे विचारले. बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता, त्यामुळे तो पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. अनेकवचन म्हणजे काय हे सांगता न येणाऱ्या मुलांकडे अनेकवचनाचा नियम मात्र होता, आणि तो त्यांनी ऐकलेल्या बोलण्यातून स्वतःच काढलेला होता. उलट दिशेचा पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना रीतसर व्याकरण शिकवून पाहिलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, त्या शिकवणीमुळे मुलांच्या गोष्ट लिहिण्यात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. ज्यांची घरची भाषाच इंग्रजी आहे अशी मुलेही त्या वर्गांत मोठ्या संख्येने होती. आपल्या मुलांकडून त्याहून लहान वयात अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे घ्या. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती आपल्याला मोठेपणीही छळतात. पाच वर्षांच्या मुलाला त्यांची व्याख्या देऊन काहीही साधत नाही. पण ‘एक होता राजा. राजाला दोन राण्या होत्या’ हे त्याने शंभरदा ऐकलेले असते; पहिल्यांदा भेटलेला राजा ‘एक’ असतो आणि दुसऱ्या वाक्यापासून तो ओळखीचा होतो, हे त्याला न शिकवता कळते. तेच मूल चित्रांच्या इंग्रजी गोष्टीत आधी ‘अ डॉग’ आणि मग ‘द डॉग’ पुन्हा पुन्हा ऐकते, तेव्हा त्या फरकाला बसायला जागा आधीच तयार असते. म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटे एकच गोष्ट कंटाळा येईपर्यंत वाचून दाखवणे, आणि ‘पुट द स्पून अंडर द प्लेट’ अशा सूचनांचे खेळ स्वयंपाकघरात खेळणे, हे या वयाचे खरे व्याकरण आहे.

चूक कायमची बसते, ही भीती तर आपल्याच भाषेने खोटी ठरवली आहे. मराठी मुले तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘मी करलं’ म्हणतात आणि कोणी शिकवणी न लावता पुढे ‘मी केलं’ म्हणू लागतात. इंग्रजी मुले ‘गो’ला भूतकाळाचा ‘-ड’ जोडून ‘गो-ड’ (goed) म्हणत म्हणत ‘वेंट’वर येतात. मुलाने नियम पकडला आहे, अपवाद अजून पकडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांना १९७० मध्ये असे दिसले की आईवडील लहान मुलांच्या व्याकरणापेक्षा बोलण्यातला खरेखोटेपणाच जास्त दुरुस्त करतात, आणि तरीही मुले शुद्ध भाषेपर्यंत पोहोचतात. घरी एवढेच करावे : मूल ‘ही गो-ड होम’ म्हणाले तर ‘येस, ही वेंट होम’ म्हणून बोलणे पुढे न्यावे. मध्येच थांबवून टोकलेले मूल वाक्य सुधारत नाही, ते बोलणे कमी करते.

घरात मराठी बंद करण्याचा सल्ला मी अत्यंत कळकळीने नाकारते. ज्या घरात आईवडिलांचे इंग्रजी कामापुरते आहे, तिथे मराठी बंद केल्याने मुलाला समृद्ध इंग्रजी मिळत नाही. त्याच्या वाट्याला ‘कम’, ‘ईट फास्ट’, ‘डोन्ट डू’ एवढेच येते, आणि कारणे सांगणे, रुसवा काढणे, आजीने गोष्ट रंगवणे हे सारे नाहीसे होते. वाक्यरचनेचा परिणाम होतो हे मान्य. आपले क्रियापद शेवटी येते, आपण ‘टेबलावर’ म्हणतो तिथे इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो. पण हे फरक ज्याला दोन्ही बाजू माहीत आहेत त्यालाच दाखवता येतात. ‘मी जातो, तू जातोस’ यातला क्रियापदाचा बदल जो रोज सहज करतो, त्याला ‘आय गो, ही गोज’ हा बदल पुढे दोन मिनिटांत समजावता येतो. पहिल्या भाषेतली जाण दुसऱ्या भाषेच्या कामी येते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आले आहेत, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे.

व्याकरणाची नावे शिकवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. नऊ-दहा वर्षांचे मूल मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम, क्रियापद ओळखू लागले की तीच ओळख इंग्रजी वाक्यांवर वापरून पाहावी, आणि काळही एकेक घ्यावा : आधी ‘आय ईट’ आणि ‘आय ॲम ईटिंग’ यांतला फरक, तो बोलण्यात स्थिरावल्यावर ‘आय एट’. बाराही काळांचा तक्ता भिंतीवर लावायचाच असेल, तर त्यातल्या निम्म्याहून अधिक काळांची वाक्ये मुलाने गोष्टींत भेटून ओळखीची केल्यानंतर लावावा.